टेक्सासमध्ये कामापुरता परवाना मिळाला, आता गाडीचा विमा कोणता घ्यायचा?

फ्रिस्कोसारख्या गावात परवाना निलंबित झाला की सगळं घर अडतं. डॅलसची डार्ट ही बस-रेल्वे सेवा तिथे नाही; ऑफिस, मुलांची शाळा, किराणा, सगळं गाडीवर. न्यायालयात अर्ज करून 'ऑक्युपेशनल लायसन्स' मिळवता येतं. त्यावर नोकरी, शिक्षण आणि घरची अत्यावश्यक कामं यांपुरतीच गाडी चालवता येते. तीही साधारणपणे २४ तासांत ४ तासच, न्यायाधीशांनी मान्य केलं तर १२ तासांपर्यंत. त्यासाठी एसआर-२२ द्यावं लागतं, आणि त्या घाईत अनेकजण चुकीची पॉलिसी घेऊन बसतात.

एसआर-२२ म्हणजे विमा नव्हे. तुमच्याकडे किमान विमा आहे, असं कंपनीने राज्याला कळवलेलं ते प्रमाणपत्र. ते दाखल करायला फारसे पैसे पडत नाहीत. खिसा रिकामा होतो तो वाढलेल्या प्रीमियमने. म्हणून निवड खरी पॉलिसीची आहे.

गाडी तुमच्या नावावर असेल तर मालकाची पॉलिसी आणि तिला जोडलेलं एसआर-२२ हाच सरळ रस्ता. आधी सध्याच्या कंपनीला विचारा. काही कंपन्या एसआर-२२ देतच नाहीत, काही नूतनीकरणाच्या वेळी हात वर करतात. मग जास्त जोखमीचे चालक घेणाऱ्या कंपन्यांकडे जावं लागतं. तिथे प्रीमियम जास्त, पण नकाराची शक्यता कमी. नव्या कंपनीचं प्रमाणपत्र राज्याकडे पोचल्याची खात्री होईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका.

गाडी नसेल, कधीतरी मित्राची घेत असाल, तर 'नॉन-ओनर' पॉलिसी. ही बहुधा स्वस्त पडते. ती समोरच्याचं नुकसान भरते. तुम्ही चालवत असलेल्या गाडीचं नाही. घरातली किंवा रोज हाताशी असलेली गाडी तर तिच्यात बसतच नाही.

आपल्या घरांमध्ये नेमकी इथेच गफलत होते. नवऱ्याचा परवाना गेला, गाडी बायकोच्या नावावर केली, त्याने नॉन-ओनर घेतली, आणि तिचा हप्ता वाढू नये म्हणून तिच्या पॉलिसीतून त्याला नावानिशी वगळलं. टेक्सासमध्ये त्यासाठी ५१५ए हे कलम जोडतात. कागदावर सगळं जुळतं. पण त्याच गाडीने तो कामाला निघाला आणि धडक झाली, तर दोन्ही पॉलिसी हात झटकू शकतात आणि नुकसान घरावर येतं. तो ती गाडी रोज चालवणार असेल, तर महाग पडलं तरी त्याचं नाव त्याच पॉलिसीत चालक म्हणून हवं. माझ्या मते इथे तडजोड नको.

किमान रकमेबद्दलही तेच सांगेन. टेक्सासमध्ये ती ३०/६०/२५ आहे: एका माणसाच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजांसाठी ६०,००० आणि मालमत्तेसाठी २५,०००. तिथल्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांची किंमत २५,००० च्या वर आहे. परवडत असेल तर १००/३०० चा दर मागून बघाच.

गुन्हा दुसऱ्या राज्यात झाला असेल तर हिशोब बदलतो. टेक्सासमध्ये एसआर-२२ साधारण दोन वर्षं टिकवायचं असतं, कॅलिफोर्नियात तीन. फ्लोरिडात दारू पिऊन गाडी चालवल्याचा ठपका असेल तर एसआर-२२ ऐवजी एफआर-४४ लागतं आणि मर्यादा थेट १००/३००/५० होते. ज्या राज्याने अट घातली तिचीच पूर्तता करावी लागते, त्यामुळे राज्य बदलणार असाल तर एजंटला आधीच सांगा.

दरमहा हप्ता की सहा महिन्यांचा एकदम? जमत असेल तर एकदम. हप्ता चुकून पॉलिसी रद्द झाली की कंपनी राज्याला कळवते आणि मिळालेला परवाना पुन्हा जाऊ शकतो. दरमहाच भरणार असाल तर खात्यातून आपोआप कापून जाऊ द्या.

दोन कंपन्यांनी नाकारलं तर राज्याची टायपा ही योजना आहे. परवानाधारक एजंटमार्फत अर्ज होतो. तिथे किमान विमा मिळतो, पण स्वस्त असेल अशी आशा धरू नका. म्हणून तो शेवटचा पर्याय.

आणि गाडीत न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत कायम ठेवा. आदेशातल्या वेळांबाहेर गाडी काढणं हा टेक्सासमध्ये वेगळा फौजदारी गुन्हा आहे.