मॉनिटर बिघडला : घरी उघडायचा, दुकानात द्यायचा की नवाच घ्यायचा?

मॉनिटर किती जुना आहे यावरून हा निर्णय घेण्यात फारसा अर्थ नाही. बिघाड कुठल्या जातीचा आहे, त्यावरच सगळं ठरतं. सात वर्षांचा मॉनिटर शंभर रुपयांच्या सुट्या भागांवर पुन्हा उभा राहतो, आणि दोन वर्षांच्या मॉनिटरच्या पॅनेलवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या काचेवर, रेघ पडली तर वॉरंटी नसताना तो दुरुस्त करणं परवडत नाही. आपला बिघाड कुठला, हे घरीच ओळखता येतं.

आधी मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून त्याचा मेनू उघडा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा हा मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो, कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंध नसतो. मेनू स्वच्छ आणि बाकीचं चित्र लुकलुकतंय, तर दोष केबलचा किंवा कॉम्प्युटरमध्ये चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डचा. मेनूवरूनही रेघ जातेय, तर दोष मॉनिटरचा. ‘नो सिग्नल’ असं दिसत असेल तर घाबरू नका. पॅनेल, बॅकलाइट (पॅनेलला उजेड देणारे दिवे) आणि पॉवर सप्लाय शाबूत असल्याशिवाय ती अक्षरं उमटणारच नाहीत. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरा. अंधूक चित्र दिसलं तर पॅनेल चालू आहे, बॅकलाइट गेलाय.

केबल आणि अडॅप्टर : दुकानात जायची गरजच नाही

जुन्या पद्धतीच्या व्हीजीए केबलवर चित्र पिवळं दिसत असेल तर निळ्या रंगाची तार तुटली आहे किंवा पिन वाकली आहे. गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरवी गेली, आकाशी-हिरवट दिसलं तर लाल. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट या नव्या पद्धतीच्या केबलवर चित्र मधेच जाऊन परत येत असेल, तर सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा) १४४ वरून ६० हर्ट्झवर आणा. त्यावर सगळं नीट चाललं तर केबलला तेवढा वेग झेपत नाही, इतकंच. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपवर केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये गेलेली असते, हेही पुष्कळदा घडतं. ती कार्डाच्या सॉकेटमध्ये हवी.

बाहेर अडॅप्टर असलेला मॉनिटर सुरू होत नसेल तर मल्टीमीटरने (वीज मोजायच्या यंत्राने) अडॅप्टरचा व्होल्टेज मोजा आणि त्याच्यावर छापलेल्या आकड्याशी जुळवा. बदली अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. पिनची जाडी आणि प्लस-मायनसची खूणही जुळवून घ्या. मोजताना व्होल्टेज बरोबर आला म्हणून अडॅप्टर निर्दोष ठरत नाही. मॉनिटरचा भार आल्यावर व्होल्टेज पडणारे अडॅप्टर असतात, म्हणून दुसरा लावून पाहणं जास्त खात्रीचं.

आतला पॉवर बोर्ड : खरी निवड इथे आहे

सकाळी बटण चार-पाच वेळा दाबल्यावर मॉनिटर सुरू होतो, तापला की ठीक चालतो, किंवा दिवा नुसता लुकलुकत राहतो. ही लक्षणं बहुतेकदा कॅपॅसिटरची, म्हणजे बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या नळकांड्यांची. डायोड या भागाच्या हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून बसवलेले कॅपॅसिटर वर्षानुवर्षं तापतात, आतलं द्रव सुकतं, अंतर्गत रोध वाढतो आणि बोर्डाला स्थिर व्होल्टेज मिळत नाही. उघडल्यावर पाहा : चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं. बिघडलेल्याचं फुगतं किंवा त्यावर तपकिरी चिकटा दिसतो. न फुगताही कॅपॅसिटर निकामी होतो, म्हणून डायोडच्या हीट सिंकच्या बाजूचे सगळे एकदम बदलावेत.

घरी केलं तर भाग एकेकी दहा-वीस रुपयांचे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सहज मिळतात. जुन्यावर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट लिहिलं असेल तर नवा १००० मायक्रोफॅरडचाच घ्या. २५ व्होल्टचा जागेत मावत असेल तर उत्तम. १०५ अंश (सोसणारं तापमान) आणि लो ईएसआर (कमी अंतर्गत रोध) हे दोन्ही शब्द दुकानदाराला आवर्जून सांगा, साधा घातला तर काही महिन्यांत तीच रड. अंगावरची पट्टी म्हणजे ऋण बाजू. जुना काढण्याआधी बोर्डाचा फोटो घ्या.

धोका आहे तो बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या कॅपॅसिटरचा. त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि २३० व्होल्टच्या लाइनवर तो सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो. प्लग काढल्यावरही तो भरलेला राहतो आणि बंद पडलेल्या बोर्डावर तर जास्तच वेळ राहतो, कारण वीज खर्चच होत नाही. मल्टीमीटरने मोजा. व्होल्टेज असेल तर इन्सुलेटेड क्लिपांनी २.२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चार-पाच सेकंद त्याच्या दोन पायांना लावा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका : ठिणगी उडते, बोर्डावरचे भाग जातात. पॅनेल मऊ चादरीवर पालथं ठेवा, पाठीवर दाब देऊ नका.

याआधी कधी सोल्डरिंग (कथिलाने डाग देणं) केलं नसेल तर सुरुवात या बोर्डावर करू नका, सरळ दुकान गाठा. तिथे मात्र ‘मॉनिटर चालत नाही’ एवढंच न सांगता लक्षण सांगा आणि बदललेले भाग परत मागा. वॉरंटी शिल्लक असेल तर घर आणि दुकान दोन्ही बाद, बिल घेऊन थेट कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

बॅकलाइट आणि रेघा

एलईडी बॅकलाइटमधले दिवे एका माळेत असतात. एक गेला तरी माळ तुटते आणि बहुतेक वेळा संपूर्ण स्क्रीन काळी होते. दिव्यांची पट्टी बदलायला पॅनेलचे थर सुटे करावे लागतात. त्यात धूळ शिरली की ती कायमची पांढऱ्या चित्रावर दिसते, आणि काचेच्या कडेच्या नाजूक फिल्मला धक्का लागला तर पॅनेलच संपतं. घरी करण्यासारखं हे काम नाही. हेच काम नेहमी करणारा कारागीर असेल तरच द्या.

वरून खाली सरळ जाणारी एक पिक्सेल (चित्राचा एक ठिपका) रुंदीची रेघ कडेवर बोट दाबल्यावर नाहीशी होत असेल, तर फिल्मचा जोड सुटलाय. तो मशीनशिवाय नीट बसत नाही आणि नव्या पॅनेलची किंमत नव्या मॉनिटरच्या जवळ जाते. इथे पैसे घालू नयेत. अपवाद एकच : अर्ध्या स्क्रीनचे रंग विचित्र झाले असतील तर आतली चपटी केबल एकदा काढून घालायला लावा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तिच्या कनेक्टरवर गंज चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर चित्र परत आलं तर काम फुकटात झालं.

नवा कधी?

साधा २२ इंची फुल एचडी मॉनिटर साधारण सात ते नऊ हजारांत येतो. दुरुस्तीचा आकडा याच्या एक-तृतीयांशापुढे गेला तर नवा बरा. परत करायची मुदत संपण्याआधी काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग पूर्ण स्क्रीनवर लावून मेलेले पिक्सेल शोधा.

पॅनेल ठीक असलेला जुना मॉनिटर रिपेअरवाले सुट्या भागांसाठी घेतात. एलईडीच्या आधीच्या मॉनिटरमधल्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असतो. तो मॉनिटर भंगारवाल्याकडे फोडायला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.