समुद्रात बेपत्ता झालेल्या खलाशाचा शोध: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची मोफत सेवा खान्देशातून वापरताना

आधी निकाल सांगतो. सेवा मोफत आहे, भरवशाची आहे, आणि नुसते नाव टाकून शोधणाऱ्याला बहुतेक वेळा रिकाम्या हाती परत पाठवते. बोट आणि तारीख धरून शोधले तर तीच सेवा कमालीची कामाची ठरते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरांसाठी तर हाच मार्ग खरा, कारण आपल्याकडची नावे इंग्रजी नोंदींत कोणत्या रूपात उतरली असतील याचा नेम नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे सीडब्ल्यूजीसी, ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मेलेल्या सुमारे १७ लाख माणसांच्या नोंदी तिच्या संकेतस्थळावर आहेत. शोधायला एक पैसा लागत नाही. सगळे इंग्रजीत आहे, ही अडचण मात्र आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला शेजारी बसवले की भागते.

शोधायला बसण्याआधी युद्ध कोणते ते पक्के करा. ‘पंजोबा लढाईत बोटीवर गेले’ एवढेच घरात माहीत असते. संस्थेच्या नोंदींना मुदत आहे: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. माणूस १९७१ च्या युद्धातला असेल तर इथे वेळ घालवू नका. आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. अशा नावांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे संकेतस्थळ आणि आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय हाच रस्ता.

दुसरी अट व्यापारी जहाजांची. गणवेशातला नौसैनिक त्या मुदतीत नोकरीत असताना कशानेही मेला तरी नोंदीला पात्र होतो. मालवाहू किंवा प्रवासी बोटीवरचा खलाशी मात्र शत्रूच्या कारवाईमुळे गेलेला असावा लागतो. बोटीवर तापाने गेलेला किंवा वादळात वाहून गेलेला माणूस सहसा या यादीत येत नाही. नाव सापडले नाही म्हणजे घरच्यांची आठवण खोटी, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका.

ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा भारतीय खलाशांची नावे दोन ठिकाणी आहेत. पहिल्या महायुद्धातली २,००० हून अधिक नावे मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकावर. दुसऱ्या महायुद्धातली सुमारे ६,५०० नावे ‘बॉम्बे/चितगाव १९३९-१९४५’ या जोडस्मारकात, आणि हे स्मारक म्हणजे नावांची बांधीव वही: एक प्रत मुंबईत, दुसरी बांगलादेशातल्या चितगावच्या युद्धस्मशानभूमीत. यांतले साधारण ४०० रॉयल इंडियन नेव्हीचे, बाकी जवळजवळ सगळे व्यापारी जहाजांवरचे. शोधपानावर स्मारकाच्या रकान्यात ‘बॉम्बे’ टाकले की ही दोन्ही नावे सुचवली जातात. तिथूनच सुरुवात करा, म्हणजे १७ लाखांचा ढीग एकदम काही हजारांवर येतो.

आता नावांचा घोळ. नोंद करणाऱ्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. सोनवणे डब्ल्यूने असेल किंवा व्हीने, शेवटचा ई असेल किंवा नसेल. शेखची तीन-चार स्पेलिंगे सहज सापडतात, शिवाय नुसते एस-के असेही लिहीत. व्यापारी खलाशांच्या बाबतीत तर आडनाव या रकान्यावर विसंबूच नये: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, कधी जात, कधी गाव, यांतले जे शेवटी आले ते आडनाव म्हणून बसले. म्हणून पाटील, चौधरी, महाजन टाकून शेकड्याने निकाल चाळण्यात अर्थ नाही. आडनावाचा रकाना रिकामा ठेवा.

त्याऐवजी ‘अधिक माहिती’ या नावाचा रकाना वापरा. वडील, पत्नी, गाव यांची जी काही माहिती घरच्यांकडून आली ती तिथे आहे. कधी असते, बऱ्याचदा नसते. इथे आजचा जिल्हा टाकून उपयोग नाही. १९०६ साली खान्देशचे दोन जिल्हे झाले: पूर्व खान्देश, मुख्य ठिकाण जळगाव, आणि पश्चिम खान्देश, मुख्य ठिकाण धुळे. दोन्ही युद्धांच्या काळात हीच नावे चालू होती. नंदुरबार जिल्हा तर १९९८ चा. म्हणून ‘खान्देश’ हा एकच शब्द टाका, मग त्याची दुसरी स्पेलिंगे. धुळ्यासाठी ‘धुलिया’, भुसावळसाठी शेवटून तिसरे अक्षर डब्ल्यू आणि व्ही असे दोन्ही. गाव निघाले तरी तालुका जुळल्याशिवाय मान्य करू नका, कारण पिंपळगाव, वडगाव, पिंप्री आपल्याकडे पैशाला पासरी. भुसावळचा पत्ता असेल तर जास्तच जपून: रेल्वेमुळे तिथे कुठकुठची माणसे राहत होती, मूळ गाव वेगळे असू शकते.

बोटीचा धागा मात्र सगळ्यांत चिवट. घरात बोटीचे नाव मोडक्यातोडक्या रूपात टिकलेले असते. ‘सिटी’ आठवत असेल तर एलरमन कंपनीच्या ‘सिटी ऑफ अमुक’ बोटी पाहा; ‘क्लॅन’ असेल तर क्लॅन लाइन; शेवटी ‘आ’ येणारे आणि हिंदुस्थानी गावासारखे वाटणारे नाव असेल तर बहुधा ब्रिटिश इंडिया कंपनीची, म्हणजे बीआयची बोट. तिळवा, गेरसप्पा, दोमाला, रोहना या सगळ्या त्याच घरातल्या.

बोट कळली की ती कोणी बुडवली ते पाहा, कारण पुढचे साधन त्यावर ठरते. जर्मन पाणबुडीने बुडवली असेल तर यूबोट डॉट नेट हे मोफत संकेतस्थळ उत्तम आहे: तारीख, जागा, किती होते, किती वाचले, आणि बऱ्याच बोटींच्या माणसांची यादीही. गेरसप्पा फेब्रुवारी १९४१ मध्ये यू-१०१ ने आयर्लंडच्या नैऋत्येला बुडवली, एकच अधिकारी वाचला. ती तिथे सापडते. तिळवा सापडणार नाही: मुंबईहून मोंबासाला जाताना २३ नोव्हेंबर १९४२ रोजी तिला जपानी आय-२९ पाणबुडीने बुडवले, २८० माणसे गेली. दोमाला (२ मार्च १९४०) आणि रोहना (२६ नोव्हेंबर १९४३) विमानहल्ल्यात गेल्या, त्याही तिथे नाहीत. त्या संकेतस्थळावर बोट नाही म्हणून ती बुडालीच नाही असे समजणारे पुष्कळ भेटतात.

मग सीडब्ल्यूजीसीवर परत येऊन असे भरा: नावाचे रकाने रिकामे, सेवेत ‘मर्चंट नेव्ही’, स्मारक बॉम्बे/चितगाव, आणि मृत्यूची तारीख बुडाल्याच्या दिवसाच्या दोन दिवस आधीपासून निदान तीन आठवडे पुढपर्यंत. मागेपुढे जागा ठेवण्याचे कारण सरळ आहे. रात्री बुडालेल्या बोटीची तारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असते; आणि जे होडीत उतरले पण तहानेने, थंडीने पुढे गेले त्यांची तारीख नंतरची पडते. आलेली यादी एक्सेलमध्ये उतरवून बोटीच्या नावाने लावा. आता ३०-४०, फार तर शंभर नावे समोर राहतात, आणि ती एकेक करून मोठ्याने वाचावीत. स्पेलिंग डोळ्याला चकवते, कानाला सहसा चकवत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा.

हुद्दाही मदतीला येतो. नोंदीत इंग्रजी हुद्दा असतो, घरात बोटीवरचा शब्द. फायरमन म्हणजे आगवाला, ट्रिमर म्हणजे कोळसेवाला, ग्रीझर म्हणजे तेलवाला. सारंग (खलाशांचा मुकादम), तांडेल (सारंगाच्या हाताखालचा), भंडारी (स्वयंपाकी), टोपस (झाडूवाला) हे तसेच्या तसे आढळतात. ‘बोटीच्या भट्टीवर होते’ असे घरचे सांगत असतील आणि नोंदीत भांडारातला नोकर निघाला, तर तो माणूस आपला नव्हे असे धरून पुढे चला.

घरातले कागद तपासताना एक फसगत हमखास होते. पेटीत जुनी सीडीसी, म्हणजे खलाशाची नोकरी-वही सापडते आणि तिच्यातली शेवटची बोट हीच बुडालेली बोट असे सगळे धरतात. नोकरीवर असताना ही वही बोटीच्या कप्तानाकडे राही. माणूस बुडाला तर चालू वहीही बहुधा बुडाली. घरी राहिलेली वही जुनी असण्याचीच शक्यता जास्त. तिचा उपयोग वेगळा: तिच्यात माणसाचा क्रमांक, वय, बापाचे नाव कसे लिहिले ते कळते. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी दिलेली ब्राँझची मोठी गोल थाळी घरात असेल, साधारण १२० मिलिमीटर व्यासाची, तर तिच्यावरच्या चौकटीत उठावाने नाव दिसेल. हुद्दा, क्रमांक, बोट काही नसते. पण नावाचे अधिकृत स्पेलिंग तेच, आणि नावाने शोधायचेच असेल तर ते जसेच्या तसे टाका.

नोंद सापडल्यावर पुढचा पल्ला खलाशांच्या हजेरीपटाचा. दुसऱ्या महायुद्धातले पट लंडनच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बीटी ३८१ या मालिकेत आहेत आणि बोटीच्या अधिकृत क्रमांकाने लावले आहेत. बोटीचे नाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. तो क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पटात हुद्दा, वय, जन्मठिकाण, आधीची बोट असे रकाने असतात. गाव पक्के करायला याहून चांगला कागद नाही. प्रतीसाठी पैसे पडतात, म्हणून मागणी करताना बोटीचा क्रमांक, शेवटच्या सफरीचे वर्ष आणि भारतीय खलाशांचे करारपत्र वेगळे असल्यास तेही हवे, असे स्पष्ट लिहा. नाहीतर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या यादीची प्रत हातात येते. पहिल्या युद्धासाठी १९१५ सालचे पट तेवढे विनामूल्य, नावानिशी शोधता येतात.

इकडच्या बाजूचा कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात. गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत समुद्रात गेलेला माणूस सहसा सापडत नाही, पण त्याच्या नावावर शेत असेल तर वारस लावताना फेरफार झालाच असणार. गाव नमुना ६ ची १९४० ते १९५५ ची नक्कल मागा; त्यात मयताचे नाव, वारस आणि पुष्कळदा मृत्यूची ढोबळ तारीख असते. बेपत्ता माणसाची नोंद उशिरा होते, म्हणून वर्षांचा पल्ला मोठा ठेवायचा. अक्षर मोडी निघाले तर वाचणारा आधीच गाठून ठेवा.

सेवेतली सर्वांत मोठी त्रुटी संस्थेनेच २०२१ च्या अहवालात मान्य केली: पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० माणसांची, त्यांत मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती, नावाने आठवण ठेवलीच गेली नाही. म्हणून नाव नसेल तर तक्रार करून थांबू नका, अर्ज करा. संस्था गहाळ नावे स्वीकारते, पण पुरावा दोन गोष्टींचा मागते: माणूस त्या बोटीवर नोकरीला होता, आणि मृत्यू युद्धामुळे त्या मुदतीत झाला. हजेरीपटाची प्रत आणि बोट बुडाल्याची नोंद हे मुख्य. फेरफाराची नक्कल इंग्रजी भाषांतरासह जोडा, बापाचे नाव तिन्ही कागदांवर कसे लिहिले आहे ते अर्जात एका ओळीत समजावून सांगा.