कुर्दी आणि चेवासाठी भाषांतराचं ॲप: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आमच्याकडे पुण्यात बाहेरदेशची पोरं पेइंग गेस्ट म्हणून राहतात, सध्या इराकी कुर्दिस्तानातली, मलावीची आणि एकदोन झांबियातल्या लुसाकाची. पोरांना इंग्रजी येतं, पण घरच्यांचे व्हॉट्सॲप मेसेज आले की फोनवरचं भाषांतराचं ॲप काढावं लागतं, नाव घेत नाही.

कुर्दीला दोन पर्याय येतात, कुरमांजी आणि सोरानी, आणि ते बरोबरच आहे. कुरमांजी तुर्कस्तान, सीरियाकडची, सोरानी इराकातल्या सुलेमानिया, एरबिल आणि इराणातल्या सनंदजची. कुरमांजीत नामांना लिंग आहे, सोरानीत ते गेलं. भूतकाळ बघताना तर मला मजाच आली, कुरमांजीत 'मी सफरचंद खाल्लं'ला 'मिन सेव ख्वार', आणि सफरचंदं जास्त झाली की 'ख्वारिन', म्हणजे आपल्या 'खाल्लं-खाल्ली'सारखं क्रियापद कर्त्याला विचारतच नाही! सोरानीत 'मी' हा बारकासा प्रत्यय होऊन सफरचंदालाच चिकटतो, 'सेवेकानिम ख्वार्द'.

खरी गोची इराकी कुर्दिस्तानातल्याच दुहोकच्या पोराची. त्याच्याकडे बोलतात बादिनी, म्हणजे कुरमांजीच, पण लिहितात अरबी वळणाच्या लिपीत. ॲप कुरमांजी देतं ती तुर्कस्तानातल्या लॅटिन लिपीत, ती त्याची आई वाचणार कशी? आणि सोरानी निवडली तर लिपी जमते पण भाषा परकी वाटते. शेवटी तो मोठ्यानं वाचून व्हॉइस मेसेज पाठवतो.

चेवाला, म्हणजे मलावी-झांबियाकडच्या भाषेला, एकच पर्याय आहे आणि मलावीच्या पोरांसोबत तो चांगला चालतो. १९६८ला राष्ट्राध्यक्ष बांडांच्या सरकारनं तिथे चिचेवा (म्हणजे चेवाच) राष्ट्रभाषा केली, त्याआधी तिला चिन्यांजा म्हणायचे, झांबियात अजून न्यांजाच म्हणतात. पूर्व झांबियातल्या चिपाटाकडच्या माणसाशी ॲपचं जमेल, पण लुसाकाची टाउन न्यांजा म्हणजे बेंबा, न्सेंगा, इंग्रजी सगळं मिसळलेलं, तिथली पोरगी ॲपचं वाक्य वाचून हसते, म्हणते असं आमच्याकडे रेडिओवर बोलतात. समजतं मात्र सगळं, कुर्दीसारखी भिंत नाही.

स्टार द्यायचे तर मलावीसाठी चार, सोरानीला साडेतीन, लुसाकासाठी तीन, दुहोकवाल्यांनी एक द्यावा. घेणार असाल तर समोरच्याला भाषा विचारू नका, गाव विचारा, मग पर्याय निवडा. इराणातल्या केरमानशाह, इलामकडच्या दक्षिणी कुर्दीसाठी आमच्या ॲपमध्ये काहीच नाही, तिथलं कोणी आलं तर सरळ फोन लावा.