पनेट स्क्वेअर काढायचा की सरळ गुणाकार करायचा?

बारावीला जेनेटिक्स सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच, सर चौकट (पनेट स्क्वेअर, म्हणजे आई-बाबांचे जीन कडेला लिहून मुलात कुठल्या जोड्या येतील ते मांडणारा तक्ता) काढू की नुसता शक्यतांचा गुणाकार केला तर चालेल? चालेल, दोन्हीचं उत्तर एकच येतं, पण कुठे काय वापरायचं हे आधीच ठरवून ठेवलं नाही तर पेपरात वेळ जातो आणि घरी कुणाचा रिपोर्ट आला असेल तर त्याचा अर्थ भलताच लावला जातो. दुसऱ्या गोष्टीची मला जास्त काळजी वाटते. मी विदर्भात शिकवतो, इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण फळ्यावर घेतलं की वर्गातली एक-दोन मुलं एकदम गप्प होतात, कारण त्यांच्या घरात कुणीतरी एसएस, म्हणजे हा आजार असलेलं, असतं.

म्हणून उदाहरण तेच घेऊ. ए हा साधा जीन, एस हा सिकलसेलचा. आई एएस, बाबा एएस, दोघेही वाहक (एकच एस असलेले), दोघांनाही एरवी काही त्रास नाही. वर आईचे ए आणि एस लिहा, डावीकडे बाबांचे ए आणि एस, मध्ये चार घरं भरा: एए, एएस, एएस, एसएस. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आता हेच गुणाकाराने करा. मूल एसएस होण्याची शक्यता १/२ गुणिले १/२, म्हणजे १/४, बरोबर. मग वाहक होण्याची किती विचारलं की निम्मा वर्ग परत १/२ गुणिले १/२ करतो आणि १/४ लिहून मोकळा होतो, आणि ते चूक आहे, कारण एएस दोन वाटांनी होतो, एस आईकडून आणि ए बाबांकडून किंवा उलटं, त्या दोन्ही वाटांची बेरीज केली की १/२ येतं. चौकटीत ही चूक होतच नाही, दोन एएस डोळ्यासमोर असतात. एकच जीन असेल तर मी डोळे झाकून चौकट म्हणेन, कितीही हुशार मुलगा असला तरी.

ब्लडग्रुपचंही तसंच. आई ए, बाबा बी आणि बाळ ओ निघालं म्हणून घरात नको ते बोललं जातं, तिथे फ्रॅक्शन सांगून कुणालाही पटत नाही. कागदावर आईचे ए आणि ओ, बाबांचे बी आणि ओ मांडा, चार घरांत एबी, ए, बी, ओ असे चारही ग्रुप समोर येतात. आजीलाही कळतं.

दोन जीन आले की १६ घरं. इथे मुलं घरं भरताना फारशी चुकत नाहीत, चुकतात ती कडेला गॅमेट (प्रजनन पेशी) लिहिताना, एकाच गॅमेटमध्ये कॅपिटल आर आणि स्मॉल आर दोन्ही टाकतात आणि मग पुढचं सगळंच चुकतं. एका गॅमेटमध्ये प्रत्येक जीनचं एकच अक्षर, हे एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एकदा तरी ही १६ घरांची चौकट हाताने काढाच, ९:३:३:१ कुठून येतं ते त्याशिवाय अंगात मुरत नाही. पण दुसऱ्यांदा काढायची गरज नाही. मेंडेलच्या वाटाण्यात गोल बी ३/४, पिवळी बी ३/४, दोन्ही मिळून ९/१६, संपलं. मेंडेलला प्रत्यक्षात ५५६ बिया मिळाल्या होत्या, ३१५ गोल पिवळ्या, १०८ गोल हिरव्या, १०१ सुरकुतलेल्या पिवळ्या आणि ३२ सुरकुतलेल्या हिरव्या. ५५६ चे ९/१६ काढा, साधारण ३१३ येतात, त्याला ३१५ मिळाल्या.

तीन जीनला ६४ घरं, चारला २५६. माझ्याकडच्या एका मुलीने टेस्टमध्ये पट्टीने आखून ६४ घरांची चौकट काढली होती, अक्षर सुंदर, पूर्ण पान गेलं आणि पंधरा मिनिटं गेली, आणि प्रश्न फक्त एवढाच होता की तिन्ही गुण रिसेसिव्ह (दोन्हीकडून आले तरच दिसणारे) असलेली संतती किती. १/४ तीनदा गुणायचे, १/६४. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, त्यात ९० बायोचे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, तिथे चौकट काढत बसणं परवडत नाही. त्यामुळे माझा नियम साधा आहे, दोनपेक्षा जास्त जीन दिसले की पेन चौकटीकडे न्यायचंच नाही, प्रत्येक जीनचं वेगळं उत्तर काढायचं (हवं तर मनात चार घरांची छोटी चौकट करून) आणि शेवटी गुणायचं. फांद्यांची पद्धतही आहे, पहिल्या गुणाच्या दोन फांद्या, प्रत्येकीला पुढच्या गुणाच्या दोन, अशी. पूर्ण रेशो मागितला असेल, २७:९:९:९:३:३:३:१ सारखा, तर ती कामाची, नाहीतर सोडून द्या.

आता एक गोष्ट जी दोन्ही पद्धतींत लपलेली असते आणि कुणी सांगत नाही. १६ घरं सारखी धरणं काय किंवा ३/४ ला ३/४ ने गुणणं काय, आपण गृहीत धरतो की दोन जीन एकमेकांपासून सुटे आहेत. ज्याच्या नावाची ही चौकट आहे त्या केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटलाच हे नडलं होतं. बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट स्वीट पी या फुलझाडावर काम करत होते, फुलाचा रंग आणि परागकणाचा आकार. ३८१ झाडांत हिशोबाने साधारण २१४, ७१, ७१, २४ यायला हवी होती, आली २८४, २१, २१, ५५. जांभळं फूल-लांब पराग आणि लाल फूल-गोल पराग या मूळ झाडांतल्या जुन्या जोड्याच जास्त, नव्या जोड्या अगदी थोड्या. पुढे मॉर्गनच्या फळमाशीवरच्या कामातून उलगडलं की असे जीन एकाच क्रोमोसोमवर जवळजवळ बसलेले असतात आणि बऱ्याचदा बरोबरच जातात. तर प्रश्नात लिंक्ड (म्हणजे असे बरोबर जाणारे) शब्द दिसला की आधी रिकॉम्बिनेशनचा आकडा, म्हणजे नव्या जोड्या किती टक्के होतात ते, शोधा, बाकी सगळं नंतर. उंची आणि त्वचेच्या रंगाला तर यातलं काहीच लावू नका, तिथे एकदोन नाही, कितीतरी जीन असतात आणि उंचीत लहानपणचं खाणंपिणं, आजारपणही येतं.

परीक्षेचं झालं. घरचं वेगळं आहे, तिथे चौकट फसवते सुद्धा. एका बाईंनी मला विचारलं होतं, पहिला एसएस झाला, मग आता पुढचे तीन चांगलेच ना? कुणीतरी त्यांना कागदावर चार घरं काढून दाखवली होती आणि त्यांनी ती चार घरं म्हणजे चार मुलं असं धरलं होतं. चूक त्यांची नाही, चित्र तसंच दिसतं. पण ती चारही घरं एकाच मुलाची आहेत, पुढच्या मुलाला परत नवी चौकट, परत १/४, आधीच्याला काय झालं याचा त्याच्याशी संबंध नाही. इथे चौकट बाजूला ठेवा आणि गुणाकार घ्या. एसएस न होण्याची शक्यता ३/४, तीन मुलं असतील तर ३/४ तीनदा गुणा, २७/६४, म्हणजे साधारण ४२ टक्के. तिघांपैकी निदान एक तरी एसएस असण्याची ३७/६४, साधारण ५८ टक्के. एका मुलाला २५ टक्के ऐकून जे वाटतं आणि हे ५८ ऐकून जे वाटतं त्यात फार फरक आहे, म्हणून ज्यांचं कुटुंब अजून पूर्ण व्हायचंय त्यांना दोन्ही आकडे सांगायला हवेत असं माझं ठाम मत आहे.

उलट एक जण एएस आणि दुसरा एए असेल तर चौकट काढून हातात द्या. एसएसचं घरच नाही त्यात. निम्मी शक्यता वाहक मुलाची, बस. असं असताना नुसतं वाहक आहे ऐकून ठरलेली लग्नं मोडतात, आणि मोडताना बोल बहुतेक मुलीलाच लागतो.

मग सगळ्यात अडकवणारा प्रश्न. आई-बाबा दोघेही एएस, बहीण एसएस, भाऊ अगदी ठणठणीत, तपासणी केलेली नाही, तो वाहक असण्याची शक्यता किती? मुलं १/२ म्हणतात. चौकट काढा आणि एसएसचं घर पेन्सिलने खोडा, कारण तो एसएस नाही हे आपल्याला माहीत आहे. उरली तीन, त्यातली दोन एएस. म्हणजे २/३. बायको एएस असेल तर मूल एसएस होण्याची शक्यता २/३ गुणिले १/४, म्हणजे १/६. अर्धं काम चौकटीने केलं, अर्धं गुणाकाराने. आणि बायकोचं काहीच माहीत नसेल तर? मग चौकटीच्या कडेला लिहायलाच काही नाही, समाजात वाहक किती हा आकडा लागतो. आजारांच्या वारशावरून असाच लोकसंख्येचा प्रश्न निघाला तेव्हा पनेट तो आपल्या क्रिकेटमधल्या मित्राकडे, गणिती हार्डीकडे, घेऊन गेला होता, त्यातून १९०८ साली हार्डीने दिलेलं उत्तर आपण हार्डी-वाइनबर्ग म्हणून शिकतो.

पण खरं सांगू का, २/३ वर थांबूच नका. आधी रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी, आणि एए, एएस की एसएस ते स्पष्ट होतं, मग २/३ नाही, एकतर हो नाहीतर नाही. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मिशनमध्ये ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, तुमच्या भागात कॅम्प आला तर लग्न ठरायच्या आधी करून घ्या.

माझ्या वर्गातला एक मुलगा, बहीण एसएस, वर्गात त्याने ते घर खोडलं आणि काही बोलला नाही. दोन-तीन आठवड्यांनी रिपोर्ट घेऊन आला, एएस. वहीतली तीच चौकट उघडली आणि विचारलं, सर, यातल्या कुठल्या एएसला गोल करू, आईकडून आलेल्या की बाबांकडून आलेल्या? मी सांगितलं ते रिपोर्टवरून कळत नाही रे, दोघंही वाहक आहेत. मग त्याने दोन्ही घरांना मिळून एकच गोल काढला.