फ्रोजन स्नो क्रॅबचे पाय मागवले, अडीच स्टार

जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे नाशिकला कसारा घाटावरून ताजा माल येतो कमी आणि त्यात रविवार, म्हणून गंगापूर रोडच्या एका फ्रोजन सीफूडवाल्याकडून (नाव नाही घेत) स्नो क्रॅबचे (थंड समुद्रातला लांब पायांचा खेकडा) पाय मागवले, अर्धाच किलो, किंमत आईला सांगितलेली नाही, तुम्हीपण सांगू नका. पॅकिंग एक नंबर, थर्माकोलचा डबा, बर्फ जसाच्या तसा. हा माल आधीच उकडून फ्रीझ केलेला असतो, नुसता पाच-सात मिनिटं वाफवायचा, पण मी पाकीट न वाचता अर्धे पाय काळ्या मसाल्याच्या रश्श्यात वीस मिनिटं रटारटा शिजवले आणि मांसाचा चोथा झाला, ती चूक माझी. उरलेले वाफवून लसूण-बटरसोबत खाल्ले तेव्हा कुठं कळलं, गोडसर, लांबच लांब धागे. पण रस्सा आपल्या नदीच्या काळ्या खेकड्याचाच, हे काम ह्याचं नाही.

आई म्हणाली, "अरे, ह्यात लाख कुठंय?" लाख म्हणजे मादीच्या आतली केशरी गाबोळी, आता ती नुसत्या पायात कुठून येणार, पण शोधत बसलो तर कळलं अलास्कात मादी सापडली तरी परत सोडावी लागते, फक्त नर ठेवायचे, तेही ठरलेल्या मापाचे. आणि आपण बाजारात खेकडा उलटा करून रुंद पोटाची मादीच शोधतो!

एवढे नियम असून तिकडे वाट लागलीच. अलास्काच्याच ब्रिस्टल बे नावाच्या खाडीत १९८० ला जवळपास १३ कोटी पौंड लाल किंग क्रॅब (खेकड्याची दुसरी जात) काढला आणि १९८३ ला सीझनच बंद ठेवावा लागला. स्नो क्रॅबचं तर अजून भारी, २०१८ ते २०२१ मध्ये अलास्का आणि रशियाच्या मधल्या बेरिंग समुद्रातून १००० कोटींच्या आसपास खेकडे गायब, २०२२ ला इतिहासात पहिल्यांदा सीझन रद्द. ह्यात सगळं खापर बोटींवर फोडता येत नाही हां, समुद्र तापला, गरम पाण्यात खेकड्यांची भूक वाढली, खायला पुरलं नाही आणि उपाशी मेले असं शास्त्रज्ञांनी २०२३ ला सांगितलं. पण आधीच मार खाल्लेल्या साठ्यावर तळ खरवडणारे ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या बोटी) म्हणजे दुष्काळात तेरावा, दुसरे मासे धरताना खेकडे चिरडतात, जाळ्यात येतात. खेकडे धरायचे हरवलेले पिंजरेही तळाशी पडून खेकडे धरतच राहतात, म्हणून तिथं पिंजऱ्याला कुजणारा सुती दोरा लावायची सक्ती आहे, दोरा कुजला की पिंजरा उघडतो, ही आयडिया मला जाम आवडली. २०२४ ला थोडासा कोटा देऊन सीझन परत उघडला.

आता माझा माल अलास्काचा, कॅनडाचा का रशियाचा? लेबलवर फक्त इंपोर्टरचा पत्ता. फोन केला तर दादा म्हणतो, "सर, बाहेरचा आहे, टेन्शन नका घेऊ." एक स्टार इथंच कापला.

आणि हो, कवच अडकित्त्याने फोडू नका, कात्रीने उभं कापा, मांस अख्खं निघतं.