समुद्रातल्या तेलविहिरींवर देखरेख: नियमांची यादी की ‘सेफ्टी केस’?

समुद्रातल्या तेल उत्खननासाठी नियामक उभारताना दोन पद्धती समोर येतात. एकीत सरकार नियम लिहिते आणि निरीक्षक ते पाळले जातात का ते तपासतो. दुसरीत कंपनीलाच ‘सेफ्टी केस’ मांडावी लागते: या प्लॅटफॉर्मवर काय बिघडू शकते, ते कसे रोखणार, आणि तेवढे पुरेसे का आहे. ती मान्य झाल्याशिवाय काम सुरू होत नाही.

यादीची पद्धत कुठे तोकडी पडते, ते मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीवर दिसले. 20 एप्रिल 2010 रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट झाला, 11 कामगार गेले आणि तेल 87 दिवस वाहत राहिले. त्या संध्याकाळी निगेटिव्ह प्रेशर टेस्ट झाली होती. यात विहिरीवरचा दाब मुद्दाम उतरवतात आणि तळाचे सिमेंट आतला वायू अडवून धरते का ते पाहतात. ड्रिल पाइपवर (खोदाईची मुख्य नळी) 1,400 पीएसआय (दाबाचे एकक) दाब होता, किल लाइनवर (विहिरीत उतरणारी दुसरी नळी) शून्य. दोन्ही वाटा एकाच विहिरीत उतरतात, म्हणून दाब सारखाच हवा होता; तो नव्हता, म्हणजे चाचणी नापास. तरी ती पास धरली गेली. ही चाचणी घ्यावी का, तिचे आकडे कसे वाचावेत, यावर अमेरिकी नियमांत तेव्हा एक ओळही नव्हती. यादीत जे नाही, ते निरीक्षक विचारतच नाही. त्यात एमएमएस (मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस) ही अमेरिकी नियामक संस्था तेलाचा महसूलही गोळा करायची आणि सुरक्षाही सांभाळायची. विहीर तात्पुरती बंद करण्याच्या बदललेल्या आराखड्याला तिने 16 एप्रिलला दीड तासाच्या आत मंजुरी दिली होती. पुढे 2011 पर्यंत ही कामे तीन वेगळ्या संस्थांकडे गेली.

सेफ्टी केसची सक्ती ब्रिटनमध्ये पायपर अल्फा या तेल-प्लॅटफॉर्मवरच्या स्फोटानंतर आली. 6 जुलै 1988, उत्तर समुद्र, 167 मृत्यू. कंडेन्सेट (वायूतून वेगळे होणारे द्रव इंधन) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढून जागी ब्लाइंड फ्लँज (नळीचे तोंड बंद करणारी चकती) लावला होता. पाळी बदलताना ही माहिती पुढे गेली नाही आणि रात्री तोच पंप सुरू करण्यात आला. लॉर्ड कलेन यांच्या चौकशीने 106 शिफारशी केल्या आणि सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून घेतले गेले. माझ्या मते सर्वांत मोलाची दुरुस्ती हीच होती.

पण सेफ्टी केस असली म्हणजे निभावले, असे नाही. ऑस्ट्रेलियात ती पद्धत असतानाही 21 ऑगस्ट 2009 रोजी मोंटारा विहीर फुटली आणि दहा आठवडे गळत राहिली. केसिंगच्या (विहिरीच्या आतल्या पोलादी नळीच्या) तळाचे सिमेंट निकामी होते आणि ठरलेल्या दोन दाबरोधक कॅपपैकी एक बसवलीच नव्हती. प्लॅटफॉर्मची सुरक्षा राष्ट्रीय संस्थेकडे होती, विहिरीची अखंडता मात्र प्रादेशिक खात्याकडे. खरा धोका विहिरीत, आणि तीच कमकुवत हाती.

घटनेनंतर जबाबदारी ठरवण्यात चित्र उलटे होते. अमेरिकी न्यायालयाने 2014 मध्ये दोषाची वाटणी केली: विहीर चालवणारी बीपी 67 टक्के, रिगची मालक ट्रान्सओशन 30, सिमेंटचे काम करणारी हॅलिबर्टन 3. बीपीचा निष्काळजीपणा घोर ठरला आणि नंतरची तडजोड सुमारे 2,080 कोटी डॉलरची झाली. मोंटाराच्या कंपनीला दंड झाला 5,10,000 ऑस्ट्रेलियन डॉलर. पायपर अल्फाच्या चालकावर फौजदारी खटला चाललाच नाही.

निवडायचेच असेल तर पाया सेफ्टी केसचा घ्यावा, पण विहिरीसाठी ठाम यादी त्यात बसवावी: तेल-वायू अडवणारे, तपासलेले अडथळे (सिमेंट, कॅप यांसारखे) किमान दोन, प्रत्येक चाचणीचा पास-नापास आकडा आधीच लिहिलेला, आराखडा बदलला तर मंजुरी नव्याने. दंडाचा कायदा अमेरिकेसारखा असावा. ब्रिटनमध्ये प्रत्येक विहिरीला स्वतंत्र परीक्षक लागतो, पण तो कंपनीचाच कर्मचारी असू शकतो. त्याचा आक्षेप थेट नियामकाकडे जाईल, अशी तरतूद कायद्यातच करून घ्यावी.