मशीनचे 2,499 गेले, मग 'रिफंड'चे 19,850

मी बेळगावात वडगावला राहते, घरीच शिवणकाम करते. ड्रेस शिवून झाला की ओव्हरलॉकला, म्हणजे आतल्या कडा बांधायला, गल्लीच्या टोकाला द्यावा लागतो, एका ड्रेसला 20 रुपये. दसरा-दिवाळीत रोज दहा-बारा ड्रेस असतात, म्हणजे हिशोब करा. म्हणून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला येणारे 2,000 मी मोडत नव्हते, स्वतःच्या ओव्हरलॉक मशीनसाठी ठेवत होते. खडेबाजारात विचारलं तर मोटर आणि स्टँडसकट 9,200 सांगितले.

एका रात्री काजं-बटणं करत बसले असताना फोनवर जाहिरात आली. तसंच मशीन, 2,499 ला. खाली घड्याळ उलटं पळत होतं, ऑफर संपायला 1 तास 58 मिनिटं. माल घरी आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती. पैसे पाठवताना समोर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं नाव आलं. मी ते वाचलं, आणि तरी पाठवले.

त्या पानाच्या तळाशी पत्ता पुण्याचा होता, पण जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता. अस्तर आणि लेस मी कोल्हापूरहून मागवते, त्या बिलावर नंबर 27 ने सुरू होतो, आपल्या इथल्या दुकानांचा 29 ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात आणि 07 म्हणजे दिल्ली, हे मला पक्कं माहीत. त्या रात्री पानाच्या तळापर्यंत गेलेच नाही. ऑनलाइन विकणाऱ्यांना तक्रारीसाठी अधिकाऱ्याचं नाव द्यावंच लागतं, 2020 पासून तसा नियम आहे. तेही तिथं नव्हतं.

दहा दिवस झाले, मशीन नाही. एवढ्यावर थांबले असते तर 2,499 वर निभावलं असतं. पण कुरिअरवाल्यांना विचारावं म्हणून मी गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधला आणि सगळ्यात वर आला त्या नंबरावर फोन लावला. खरी चूक ही. असे नंबर कुणीही टाकू शकतं.

तिकडचा माणूस हिंदीत, फार अदबीनं बोलला. म्हणाला, "दीदी, पार्सल हरवलंय, पैसे परत करतो." त्यानं एक क्यूआर पाठवला, स्कॅन करायला लावला. मग म्हणाला, "आता रिफंड कोड टाका, एक नऊ आठ पाच शून्य." ज्या चौकोनात मी तो कोड टाकला, तो रकमेचा होता. मग पिन मागितला, तोही टाकला. फोन थरथरला, आणि मेसेजमध्ये 19,850 वजा झालेले दिसले. मी ओरडले तर तो म्हणतो कसा, "चुकून झालं दीदी, परत एकदा टाका, दोन्ही मिळून येतील." तेव्हा कुठं मी फोन कापला.

बायांनो, पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. आणि कुठल्याही कंपनीचा नंबर हवा असेल तर तो तिच्या ॲपमध्ये नाहीतर बिलावर बघायचा, गुगलवर नाही.

हे झालं बुधवारी रात्री. घरी सांगितलं शुक्रवारी. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ह्यांनी ऐकलं, एक शब्द बोलले नाहीत, आधी 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून दिला. तिथं व्यवहाराचा नंबर, वेळ, बँक सगळं विचारून घेतात आणि तक्रारीचा नंबर देतात. नंतर बँकेत कळलं, माझे पैसे त्या खात्यातून तेव्हाच पुढं दुसऱ्या खात्यांत गेले होते. 3,100 तेवढे अडवून धरलेत, ते मिळायचेत. बुधवारी रात्रीच फोन केला असता तर बरेचसे वाटेतच अडवता आले असते. ते दोन दिवस मला अजून झोपू देत नाहीत.

ड्रेस अजून गल्लीच्या टोकालाच देते. परवा तिथं गेले तर त्या काकूंची सून फोन पुढं करून म्हणाली, "वैनी, हे बघा की, मशीन किती स्वस्त!" साइटचं नाव दुसरं, फोटो तोच. घड्याळात 40 मिनिटं उरली होती. मी तिला ते पान बंद करून परत उघडायला लावलं. घड्याळ पुन्हा दोन तासांवर आलं.